विश्लेषण : बाळाचे डोके मोठे दिसते... काळजी कधी करायची? एक टेप काय सांगू शकते?

अंगणवाडीत बाळाचे वजन होते, उंची मोजली जाते, कुपोषणाची शंका आली तर दंडाचा घेरही घेतला जातो. डोक्याचा घेर मात्र इतक्या नेमाने मोजला जात नाही. खासगी दवाखान्यात तो घेतला गेला तरी फाइलीतला एक आकडा म्हणून पडून राहतो. मग एखाद्या दिवशी शेजारीण सहज म्हणते, ‘डोकं जरा मोठंच वाटतंय, नाही?’ आणि घरात काळजी सुरू होते. ही काळजी बहुतेक वेळा अनाठायी असते. काही वेळा मात्र ती फार उशिरा सुरू झालेली असते. या दोहोंतला फरक डोळ्यांना कळत नाही. तो कळतो ठरावीक अंतराने घेतलेल्या मापांवरून.

‘मोठे डोके’ म्हणजे नेमके किती?

जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात भारतासह सहा देशांतील मुलांची वाढ मोजली. भारतातील मोजणी दिल्लीत झाली. त्यावर आधारित डोक्याच्या घेराची मानके २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांनुसार मुलग्यांचा सरासरी घेर जन्मतः ३४.५ सेंमी, सहाव्या महिन्यात ४३.३ सेंमी आणि पहिल्या वाढदिवसाला ४६.१ सेंमी असतो. मुलींचा घेर थोडा कमी असतो. जन्मतः ३३.९, सहाव्या महिन्यात ४२.२ आणि वर्षाला ४४.९ सेंमी. 

या सरासरीच्या वर आणि खाली काही रेषा आखलेल्या असतात. सर्वात वरच्या नेहमीच्या रेषेपलीकडे माप गेले की डॉक्टर त्याला ‘मॅक्रोसेफली’ म्हणतात. वर्षाच्या मुलग्यासाठी ही रेषा साधारण ४८.६ सेंमीवर, तर मुलीसाठी ४७.६ सेंमीवर येते. 

ही रेषा आखलीच अशी आहे की शंभरातील दोन-तीन निरोगी मुले तिच्यावर जाणारच. म्हणजे ‘मॅक्रोसेफली’ हे रोगाचे नाव नाही, ते फक्त मापाचे वर्णन आहे. फाइलीवर हा शब्द वाचून रात्रभर मोबाइलवर शोधाशोध करणाऱ्या आईबापांना ही गोष्ट आधी सांगायला हवी.

माप घ्यायचे कसे?

साधन स्वस्त आहे, पण पद्धत चुकली तर आकडा फसवतो. टेप न ताणली जाणारी हवी. कापडी टेप वापरून वापरून सैल होते आणि माप कमी दाखवते. टेप पुढून भुवयांच्या किंचित वर आणि मागे डोक्याचा सर्वात फुगीर भाग येतो तिथून, कानांच्या वरून फिरवायची. टोपडे, क्लिप, शेंडी काढून ठेवायची. दोन-तीन वेळा मोजून सर्वात मोठे माप लिहायचे. तारीख आणि वय सोबत लिहिले नाही तर त्या आकड्याचा उपयोग नाही. 

बाळ वेळेआधी जन्मले असेल तर वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून धरावे लागते. आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची पूर्ण दिवसांच्या बाळाशी तुलना केली तर धोका नसताना दिसतो किंवा असताना लपतो.

एका मापापेक्षा वाढीचा वेग का महत्त्वाचा?

पूर्ण दिवसांच्या बाळाचे डोके पहिल्या तीन महिन्यांत महिन्याला सुमारे दोन सेंमी, पुढचे तीन महिने महिन्याला सुमारे एक सेंमी आणि त्यानंतर वर्षापर्यंत महिन्याला सुमारे अर्धा सेंमी वाढते. हा वेग लक्षात ठेवून उदाहरणादाखल दोन मुलगे घेऊ. 

पहिल्याचा घेर जन्मतः ३७.२ सेंमी, सहाव्या महिन्यात ४६ आणि वर्षाला ४८.८ सेंमी. तिन्ही वेळा तो वरच्या रेषेपलीकडे आहे. पण त्याची वाढ त्या रेषेला समांतर आहे, बाळ हसते, बसते, उभे राहते आणि वडिलांच्या डोक्याचा घेर ६० सेंमी आहे. या मुलाला बहुधा डोक्याचा आकार वारशाने मिळाला आहे. 

दुसऱ्याचा घेर जन्मतः ३३ सेंमी आणि दोन महिन्यांचा झाला तेव्हा ४०.५ सेंमी. दोन महिन्यांच्या मुलग्याची सरासरी ३९.१ आणि वरची रेषा ४१.५ सेंमी आहे. म्हणजे फक्त आजचे माप पाहिले तर हा मुलगा सामान्य गटातच बसतो. त्याचे डोके मोठे आहे असे कोणी म्हणणारही नाही. पण दोन महिन्यांत अपेक्षित चार-साडेचार सेंमीऐवजी साडेसात सेंमी वाढ झाली आहे. तातडीने तपासायचा मुलगा हा आहे. 

भारतासाठी हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. आपल्याकडे कमी वजनाने जन्मणारी बाळे बरीच असतात आणि त्यांची डोकीही लहान असतात. २०१४ मध्ये ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जगभरच्या अभ्यासांच्या आढाव्यानेही दाखवले की डोक्याचा सरासरी घेर देशोदेशी वेगळा असतो आणि एकच मानक सगळीकडे लावल्यास निदान चुकू शकते. खालच्या रेषेवर सुरुवात करणारे बाळ वरची रेषा ओलांडेपर्यंत वाट पाहिली तर मौल्यवान आठवडे हातचे जातात.

मोठ्या डोक्यामागे कोणती कारणे असतात?

सर्वात जास्त आढळणारी दोन कारणे निरुपद्रवी आहेत. पहिले अर्थातच आनुवंशिकता. म्हणून बाळाला स्कॅनसाठी पाठवण्याआधी आईवडिलांची डोकी मोजणे ही सर्वात स्वस्त आणि बरेचदा सर्वात उपयोगी तपासणी ठरते. दुसरे कारण म्हणजे मेंदूभोवतीच्या जागेत पाण्यासारखा द्रव तात्पुरता थोडा जास्त साठणे. अशा बाळांची डोकी पहिल्या वर्षात झपाट्याने वाढतात आणि दीड-दोन वर्षांच्या सुमारास वेग आपोआप आटोक्यात येतो. मान धरणे, बसणे थोडे उशिरा होऊ शकते. शस्त्रक्रिया लागत नाही, लक्ष ठेवावे लागते. 

काही वेळा कारण मेंदूत नसून हाडांत असते. ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणाऱ्या मुडदुसात कपाळ पुढे येते आणि टाळू उशिरापर्यंत उघडी राहते. थॅलेसेमियाच्या मुलांत कवटीची हाडे जाड होतात. या दोन्हींचे निदान रक्ततपासणी आणि एक्स-रे यांतून होऊ शकते. 

डोके मोठे म्हणजे स्वमग्नता, असा समजही समाजमाध्यमांवरून पसरतो. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्नतेचे पहिले वर्णन केले तेव्हा ११ पैकी पाच मुलांची डोकी तुलनेने मोठी असल्याची नोंद केली होती. स्वमग्न मुलांपैकी काहींमध्ये हे आजही दिसते. पण मोठ्या डोक्याची बहुसंख्य मुले स्वमग्न नसतात आणि बहुसंख्य स्वमग्न मुलांची डोकी नेहमीसारखी असतात. त्याचे निदान मुलाच्या वागण्यावरून आणि संवादावरून होते, टेपवरून नाही.

कोणती कारणे नजरेतून सुटता कामा नयेत?

पहिले जलशीर्ष, म्हणजे हायड्रोसेफॅलस. बोलीत याला ‘डोक्यात पाणी होणे’ म्हणतात. मेंदूत हा द्रव सतत तयार होत असतो, प्रौढांत दिवसाला साधारण अर्धा लिटर. तो वाहून रक्तात शोषला जातो. वाट अडली किंवा शोषण कमी झाले की तो मेंदूच्या पोकळ्यांत साचतो. जन्मजात अडथळा, पाठीच्या कण्यातील जन्मजात दोष, वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूतील रक्तस्राव, मेंदूच्या आवरणाचा जंतुसंसर्ग ही त्याची प्रमुख कारणे. भारतात क्षयरोगाचा मेंदूला होणारा संसर्गही या यादीत वर आहे. जन्मतः दिली जाणारी बीसीजी लस मुलांना त्यापासून संरक्षण देते. 

दुसरे कारण मेंदूच्या आवरणाखालचा रक्तस्राव. तो पडल्याने किंवा मार लागल्याने होऊ शकतो. रडणे थांबत नाही म्हणून बाळाला गदागदा हलवल्यानेही होऊ शकतो. 

तिसरा गट दुर्मीळ चयापचय विकारांचा. यातील ग्लुटारिक अ‍ॅसिड्युरियामध्ये मोठे डोके हे कधी कधी पहिले आणि काही काळ एकमेव चिन्ह असते. पुढे साध्या तापात किंवा जुलाबात मेंदूला कायमची इजा होते. त्याआधी ओळख पटली तर आहार, औषध आणि आजारपणातील खबरदारी यांनी ती बऱ्याच अंशी टाळता येते. अशाच आणखी एका विकाराचा मुंबईशी जवळचा संबंध आहे. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मोठे डोके, हळूहळू बिघडणारी चाल आणि मेंदूतील पांढऱ्या भागातील बदल असलेल्या मुलांचे वर्णन केले. हा आजार अगरवाल समाजातील कुटुंबांत जास्त आढळतो. कुटुंबाची माहिती विचारणे का गरजेचे, याचे हे बोलके उदाहरण.

कोणती लक्षणे दिसली तर थांबू नये?

बाळ शांत आणि उभे धरलेले असताना टाळू ताठ, फुगलेली लागणे. डोक्यावरच्या शिरा ठळक दिसणे. डोळे खाली झुकून बुबुळाच्या वर पांढरा भाग दिसत राहणे, जणू मावळता सूर्य. वारंवार उलट्या, सतत किरकिर किंवा उलट फार सुस्ती, दूध ओढायला कंटाळणे, झटके. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे आधी जमणारी गोष्ट बाळाला न जमणे. यातले एकही लक्षण असेल तर पुढच्या लसीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवे. 

तान्ह्या बाळात ही लक्षणे उशिरा येतात, हे लक्षात घ्यायला हवे. मोठ्या माणसाची कवटी बंद असते, त्यामुळे आत दाब वाढला की डोकेदुखी, उलट्या लगेच सुरू होतात. बाळाच्या कवटीची हाडे अजून जुळलेली नसतात. दाब वाढला की ती फाकतात, डोके मोठे होते आणि काही काळ दाब सहन होतो. म्हणूनच बाळ हसत-खेळत असतानाही टेपवर धोका आधी उमटू शकतो.

लगेच स्कॅन करायचे का?

नेहमीच नाही. आधी मापांचा आलेख, आईवडिलांची डोकी, प्रसूतीची आणि आजारपणाची माहिती, विकासाचे टप्पे, त्वचेवरचे डाग, पाठीचा कणा, पोटातील यकृत-प्लीहा यांची तपासणी. सगळे ठीक असेल आणि वाढ समांतर असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा मोजणे पुरते. 

शंका असेल आणि टाळू उघडी असेल तर टाळूवरून सोनोग्राफी हा पहिला पर्याय. त्यात किरणोत्सर्ग नाही, भूल नाही. मोठी टाळू साधारण ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान भरते, त्यामुळे ही सोय मर्यादित काळापुरती असते. त्यानंतर एमआरआय किंवा सीटी स्कॅनकडे वळावे लागते. एमआरआयसाठी लहान मुलाला बहुधा झोपवावे लागते आणि सीटीमध्ये किरणोत्सर्ग असतो. लवकर लक्षात येण्याचा हाही एक फायदा. जे काम टाळूवरच्या सोनोग्राफीत होते, त्यासाठी नंतर भूल आणि मोठा खर्च लागतो. 

जलशीर्ष निघाले तर उपचार आहेत. शंट, म्हणजे मेंदूतील जादा द्रव पोटात सोडणारी बारीक नळी, ही रुळलेली पद्धत. भारतात बनणारा स्वस्त छाब्रा शंट युगांडातील रुग्णालयात महागड्या परदेशी शंटच्या तोडीस उतरल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. निवडक मुलांत दुर्बिणीने आतल्या आत नवी वाट काढता येते. शंट तुंबू शकतो किंवा त्याला संसर्ग होऊ शकतो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर ताप, उलट्या, गुंगी दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे लागते. पण वेळेत उपचार झालेली अनेक मुले शाळेत जातात. उशीर झाला तर पाणी काढता येते, पण तोवर मेंदूला झालेली इजा भरून येत नाही.

मग उशीर होतो कुठे?

थोडा घरात, बराचसा व्यवस्थेत. ‘डोकं मोठं म्हणजे हुशार होणार’, ‘अगदी आजोबांवर गेलाय’ अशी वाक्ये प्रेमाने म्हटली जातात. त्यातले दुसरे अनेकदा खरेही असते. फक्त ते आजोबांचे आणि बाळाचे डोके मोजून म्हणायला हवे. टाळूवर तेल घालण्याची पद्धत घरोघरी आहे. तेलाने टाळू लवकर भरत नाही किंवा डोक्यातील पाणीही ओसरत नाही. डोक्याला आकार यावा म्हणून राईची उशी दिली जाते. पण डोके एका बाजूने चपटे होणे आणि डोक्याचा घेर वाढणे या वेगळ्या गोष्टी आहेत. 

या पद्धतींची खिल्ली उडवण्यात अर्थ नाही. उलट बाळाला रोज न्हाऊमाखू घालणाऱ्या आजीचा किंवा मालीशवाल्या बाईंचा हात टाळूवरून रोज फिरतो. ‘टोपडं महिन्यातच घट्ट झालं’ हे पहिल्यांदा त्यांनाच कळते. त्यांचे म्हणणे ऐकून लगेच मोजणारे कोणी हवे. कमतरता आहे ती तिथे.

सगळ्यांचे मोजल्याने नुसती घबराट वाढेल का?

हा आक्षेप रास्त आहे. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल परिसरातील मुलांच्या दीर्घकालीन अभ्यासावर आधारलेल्या २०१५ मधील विश्लेषणात असे दिसले की डोक्याच्या मापावरून मुलाच्या पुढील विकासाचा अंदाज बांधणे अवघड असते. रेषा ओलांडणारी बरीच मुले निरोगीच निघाली. सरसकट मोजणीतून अनावश्यक स्कॅन वाढतील, ही भीती त्यातूनच येते. शिवाय अंगणवाडी सेविका आणि आशा ताई यांच्यावर नोंदींचा बोजा आधीच मोठा आहे. त्यात आणखी एक रकाना कशाला, असेही विचारले जाईल. 

पण टेपचे काम मुलाचे भविष्य सांगण्याचे नाही. साचणारे पाणी किंवा रक्त वेळेत लक्षात आणून देण्याचे आहे. ज्या ठिकाणी गर्भातील दोष सोनोग्राफीत आधी कळतात आणि बालरोगतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर असतो तिथे टेप कदाचित कमी महत्त्वाची ठरेल. नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या पाड्यावर तसे म्हणता येत नाही. घबराटही एकाच मापाने होते, मालिकेने कमी होते. सलग चार मापे समांतर असतील तर डॉक्टर ‘काळजी नको’ हे पुराव्यानिशी सांगू शकतो. पहिलेच माप दहाव्या महिन्यात घेतले गेले तर त्याच्यापुढे स्कॅनशिवाय पर्याय उरत नाही. अनावश्यक स्कॅन टाळायचे असतील तर आधीची मापे हाताशी हवीत.

काय करता येईल?

नवी योजना काढण्याची गरज नाही. जन्मानंतर दीड, अडीच, साडेतीन महिने, नववा महिना आणि १६ ते २४ महिने या लसीकरणाच्या टप्प्यांवर बाळ आरोग्य यंत्रणेसमोर येतेच. पहिले तीन टप्पे तर नेमके डोके सर्वाधिक वेगाने वाढण्याच्या काळातले आहेत. त्या दिवशी सुईआधी टेप फिरवायला फार वेळ लागत नाही. माता-बाल संरक्षण कार्डावर वजनाच्या आलेखाशेजारी डोक्याचा आलेख असावा आणि तो भरण्याची जबाबदारी लस देणाऱ्या परिचारिकेची असावी, आशा ताईंची नव्हे. आशा ताईंना दोनच गोष्टी शिकवाव्यात, ताठ टाळू ओळखणे आणि मावळतीचे डोळे ओळखणे. 

दुसरी गरज पुढच्या वाटेची. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी पथके आणि जिल्हा पातळीवरील केंद्रे आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. पण शंका आल्यापासून सोनोग्राफीपर्यंत आणि तिथून शस्त्रक्रियेपर्यंत किती दिवस लागावेत, याची मुदत ठरवून दिली पाहिजे. मोजून शंका निर्माण करायची आणि पुढे पालकांना रुग्णालयांचे उंबरठे झिजवायला लावायचे, हे न मोजण्यापेक्षा वाईट. 

तोवर पालकांच्या हातात एक गोष्ट आहे. प्रत्येक लसीच्या वेळी ‘वजन किती?’ या प्रश्नासोबत ‘डोक्याचा घेर किती? मागच्या वेळी किती होता?’ हेही विचारायचे आणि दोन्ही आकडे तारखेसह कार्डावर लिहून घ्यायचे. मोबाइलमध्ये कार्डाचा फोटो ठेवला तर उद्या दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या डॉक्टरपुढेही बाळाच्या वाढीची रेषा उभी करता येईल.